बेताच्या खर्चातले टर्नटेबल : ऑडिओ-टेक्निका एलपी १२० एक्स यूएसबी

ज्या घरात ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या तबकड्या, भावगीतांच्या ४५ आरपीएमच्या लहान रेकॉर्ड आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत घेतलेल्या शास्त्रीय संगीताच्या एलपी असा तीन पिढ्यांचा संग्रह माळ्यावर पडून आहे, त्या घरातील माणूस नवे टर्नटेबल घ्यायला निघाला की त्याला मिळणारे बहुतेक सल्ले त्याच्या फारसे कामाचे नसतात. हे सल्ले प्रामुख्याने नव्या एलपी विकत घेणाऱ्या ग्राहकासाठी दिलेले असतात आणि त्यांत ७८ च्या तबकड्यांचा उल्लेख झालाच तर जाता जाता होतो. आपल्याकडे मात्र अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये या तबकड्यांचे उत्पादन थांबल्यानंतरही काही वर्षे त्या निघत राहिल्या, आणि मराठी नाट्यसंगीताचा व जुन्या भावगीतांचा फार मोठा ठेवा त्यांच्यावरच मुद्रित आहे. प्रस्तुत परीक्षण अशा मिश्र संग्रहाच्या धन्याला समोर ठेवून लिहिले आहे. टर्नटेबल, स्पीकर आणि किरकोळ साहित्य मिळून साधारण पन्नास हजार रुपयांच्या आसपास खर्च करण्याची त्याची तयारी आहे आणि पुढे दरवर्षी नवे यंत्र घेण्याची त्याची इच्छा नाही, असे मी गृहीत धरले आहे.

एवढ्या पैशांत सर्व गुण एकाच यंत्रात मिळणार नाहीत, हे मान्य करूनच निवड करावी लागते. माझ्या मते या किमतीत तीनच गोष्टी पाहाव्यात : सुईचा रेकॉर्डवर पडणारा भार आपल्याला कमी-जास्त करता येतो का, सुई काढून तिच्या जागी अधिक चांगली किंवा वेगळ्या आकाराची सुई बसवता येते का, आणि फिरण्याचा वेग स्थिर राहतो का. ब्लूटूथ, लाकडी चौकट, झाकणाचा रंग आणि तबक पट्ट्याने फिरवणे चांगले की थेट मोटरने हा कधीच न संपणारा वाद या सगळ्यांचा विचार त्यानंतर करावा. ऑडिओ-टेक्निकाचे एटी-एलपी १२० एक्स यूएसबी हे टर्नटेबल यांपैकी पहिल्या दोन कसोट्यांवर पूर्ण उतरते आणि तिसरीवर पुरेसे उतरते. शिवाय ते ७८ च्या वेगानेही फिरते. म्हणून इतर पर्यायांच्या तुलनेत मी त्याच्या बाजूने आहे, जरी त्याच्या उणिवा थोड्या नाहीत.

हे यंत्र २०१९ मध्ये बाजारात आले आणि अमेरिकेत त्याची सुरुवातीची किंमत २४९ डॉलर होती. आपल्याकडे आयातीचा खर्च आणि विक्रेत्याचा नफा धरून ते अर्थातच महाग पडते, आणि दुकानागणिक भावात बराच फरक असतो. यंत्राचे वजन सुमारे ८ किलो आहे. ॲल्युमिनियमच्या ओतीव तबकाखाली थेट मोटर असून मध्ये पट्टा नाही. सुई धरणारा, इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला दांडा म्हणजे टोनआर्म, त्याच्या मागे फिरवता येणारे प्रतिवजन, टोनआर्मला केंद्राकडे ओढणाऱ्या बलावर उतारा म्हणून अँटी-स्केटिंगची चकती, सुई अलगद उतरवणारी तरफ आणि उजव्या हाताला वेग कमी-जास्त करणारी सरकपट्टी, अशी त्याची रचना आहे. टोनआर्मच्या टोकाची हेडशेल एका कड्याने सुटी होते आणि तिच्यात एटी-व्हीएम ९५ ई हे कार्ट्रिज (सुईच्या कंपनांचा विद्युत संकेत करणारा भाग) कारखान्यातूनच बसवलेले मिळते. टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सारे रूप ओळखीचे वाटेल. मात्र रूपावरून आतल्या मोटरबद्दल अनुमान काढू नये, त्याकडे पुढे वळू.

प्रथम सुईकडे पाहू, कारण या यंत्राच्या किमतीतील सर्वांत सार्थकी लागलेला हिस्सा तिथेच आहे. स्वस्त टर्नटेबलांत साधारणपणे शंकूच्या आकाराची, गोल टोकाची सुई असते, आणि व्हीएम ९५ ई मध्ये लंबवर्तुळी टोकाची आहे. हा फरक केवळ कागदावरचा नाही. एलपी एकसारख्या वेगाने फिरते, मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या; पण सुईखालून खाच सरकण्याचा वेग बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो, आणि सुई मधल्या लेबलजवळ पोहोचेपर्यंत तो जेमतेम २१ सेंटिमीटरवर येतो. याचा अर्थ असा, की दहा हजार हर्ट्झच्या कंपनाची जी लाट बाहेरच्या खाचेत सुमारे ५० मायक्रॉन लांब असते, ती आतल्या खाचेत २१ मायक्रॉनमध्ये दाटीवाटीने कोरलेली असते. गोल टोकाची जाड सुई त्या वळणांत नीट शिरू शकत नाही आणि वळणांच्या माथ्यांवरून घासत पुढे जाते. लंबवर्तुळी सुईची खाचेला टेकणारी बाजू सुमारे ८ मायक्रॉन त्रिज्येची असल्याने ती त्या वळणांत बरीच आत उतरते.

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत ऐकणाऱ्याला हा दोष बाजूच्या अखेरच्या गाण्यात 'स' आणि 'श' फिसकटण्यापुरता जाणवतो. आपल्या शास्त्रीय संगीताच्या एलपीवर त्याचा फटका कितीतरी मोठा आहे. ख्यालाची मांडणीच अशी असते की बाजूच्या आरंभी, म्हणजे बाहेरच्या प्रशस्त खाचांत, विलंबित आलापी येते. आणि वीस-बावीस मिनिटांनंतर द्रुत बंदिश, तिच्यातील वेगवान ताना किंवा तराणा नेमका लेबलजवळच्या अरुंद जागेत येतो. तबल्यावरील चाटीचे बोल, संवादिनीच्या वरच्या सप्तकातील सूर आणि गायकाची तार सप्तकातील तान या तीनही गोष्टी रेकॉर्डच्या सर्वांत अडचणीच्या भागात एकत्र येतात. सतारीच्या एलपीवर 'झाला' या अखेरच्या द्रुत भागाचीही तीच गत होते. म्हणून जो ग्राहक 'मला काही तेवढे सूक्ष्म कळत नाही, साधी सुई चालेल' असे म्हणतो, त्याने आपल्याच संग्रहातील एखाद्या ख्यालाच्या एलपीची शेवटची चार मिनिटे दोन्ही प्रकारच्या सुयांवर ऐकून पाहावीत. व्हीएम ९५ ई वर द्रुत तानेतील स्वर एकमेकांत मिसळत नाहीत आणि चाटीचा बोल चरचरत नाही. सर्वोत्तम सुईइतके ते स्वच्छ आहे असे मी म्हणणार नाही. परंतु या किमतीला ते निश्चित समाधानकारक आहे.

याच कार्ट्रिजची दुसरी सोय अधिक महत्त्वाची आहे. व्हीएम ९५ मालिकेतील सर्व सुया एकाच आकाराच्या बैठकीत बसतात. शंकूच्या टोकाची, लंबवर्तुळी, मायक्रोलिनिअर व शिबाता या त्याहून बारीक घडणीच्या टोकांच्या, आणि ७८ च्या तबकड्यांसाठी खास बनवलेली, यांपैकी कोणतीही सुई जुनी ओढून काढून हाताने बसवता येते. कार्ट्रिजचे स्क्रू सोडावे लागत नाहीत की तारा उकलाव्या लागत नाहीत. म्हणजे आज घेतलेले यंत्र तसेच ठेवून त्याचा आवाज पुढे टप्प्याटप्प्याने सुधारता येतो. बेताच्या खर्चात ही सवलत फार मोलाची आहे.

आता ७८ च्या तबकड्यांविषयी. या यंत्रावर ३३ आणि ४५ ची बटणे एकाच वेळी दाबली की तबक ७८ च्या वेगाने फिरू लागते. पण वेग मिळाला म्हणजे काम झाले असे नाही. लाखेच्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असते. तिच्यासाठी सुमारे ७६ मायक्रॉन त्रिज्येचे सुईचे टोक लागते. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन पडते, तिथे साचलेली धूळ आणि झीज ऐकवते, आणि स्वतःही लवकर खराब होते, कारण लाखेच्या मिश्रणात दगडाची भुकटी मिसळलेली असे. तेव्हा व्हीएमएन ९५ एसपी ही ७८ साठीची सुई वेगळी विकत घ्यावीच, आणि तिचा खर्च सुरुवातीच्या हिशेबातच धरावा. एलपीच्या सुईचा भार २ ग्रॅम ठेवायचा असतो, तर हिचा सुमारे ५ ग्रॅम. म्हणून सुई बदलली की भारही बदलावा लागतो, आणि त्यासाठी प्रतिवजनावरील खुणांवर विसंबून न राहता कार्ट्रिजसाठी मिळणारा छोटा डिजिटल वजनकाटा वापरावा. तो फार महाग नसतो. पाच ग्रॅमच्या भाराने चुकून एलपी वाजवली गेली तर नुकसान रेकॉर्डचे होते, हे घरातील सर्वांना सांगून ठेवलेले बरे.

योग्य सुईने वाजवलेली जुनी तबकडी अनेकांना चकित करते. पत्र्याच्या कर्ण्याच्या ग्रामोफोनवर पोलादी पिन आणि शंभर ग्रॅमहून अधिक भार यांच्या जोडीने वाजवल्या गेलेल्या तबकड्या झिजलेल्या असतात हे खरे. तरीही नव्या सुईचे टोक पुष्कळदा खाचेच्या भिंतीवर अशा उंचीला टेकते जिथे जुन्या पिनेने तेवढी झीज केलेली नसते, आणि मग खरखरीच्या मागून आवाज पुढे येतो. बालगंधर्वांच्या पदांच्या तबकड्यांवर तीन-सव्वातीन मिनिटांत बसवलेली गायकीची बांधणी अशा वेळी कळते. गळ्याची लवचीकता केवळ आठवणीतून किंवा ऐकीव वर्णनातून मानावी लागत नाही.

इथे वेगाची सरकपट्टी उपयोगी पडते, जरी ती मुळात नाचगाण्याच्या कार्यक्रमांत दोन गाण्यांची लय जुळवणाऱ्या डीजेसाठी दिलेली आहे. सुरुवातीच्या काळात तबकड्यांचा वेग सर्वत्र काटेकोरपणे ७८ नव्हता. मुद्रण कधी त्याहून कमी, कधी अधिक वेगाने होत असे. सरकपट्टी आठ टक्क्यांच्या टप्प्यावर ठेवली तर ७८ चा वेग सुमारे ७२ ते ८४ पर्यंत हलवता येतो. शेजारी संवादिनी असेल तर गायकाची पट्टी जुळेपर्यंत वेग सरकवावा. पट्टी दोन सुरांच्या मधोमध लोंबकळत असेल तर वेग चुकला आहे असा संशय घेण्यास जागा आहे. मूळ पट्टी कोणती, हे अर्थातच त्या गायकाविषयीच्या माहितीवरून ठरवावे लागते.

टर्नटेबलाच्या मागच्या बाजूस एक छोटी कळ आहे, तिच्यावरून अनेक घरांत गोंधळ होतो. कार्ट्रिजमधून निघणारा विद्युत संकेत अवघा चार मिलिव्होल्टच्या आसपास असतो. शिवाय १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए पद्धतीनुसार रेकॉर्ड कोरताना खर्जातील आवाज मुद्दाम दाबलेला आणि तार बाजूचा चढवलेला असतो, म्हणजे खाचा फार रुंद होत नाहीत आणि पृष्ठभागाची खरखर वाजवताना दबते. हे गणित उलटे फिरवून आवाज मूळ रूपात आणण्याचे काम फोनो प्रीॲम्प करतो. एलपी १२० एक्स मध्ये तो अंगभूतच आहे. घरी ऐंशीच्या दशकातील जुना ॲम्प्लिफायर असेल आणि त्याच्या मागे 'फोनो' अशी जागा असेल तर कळ 'फोनो'कडे ठेवावी. नवे स्पीकर थेट जोडायचे असतील तर 'लाइन'कडे ठेवावी. दोन प्रीॲम्प एकापाठोपाठ आले तर आवाज फाटतो. एकही नसेल तर तो क्षीण आणि खर्जहीन येतो. दुकानात परत आलेल्या 'बिघडलेल्या' टर्नटेबलांपैकी कित्येकांत एवढाच बिघाड असावा, अशी मला शंका आहे.

हा अंगभूत प्रीॲम्प कामचलाऊ आहे. आवाज नीट येतो, पण तानपुऱ्याच्या नादातील खोली त्यातून काहीशी सपाट होते आणि मोठ्या आवाजात मागची सूक्ष्म सरसर कानावर येते. पुढे कधी पैसे हाती आले तर वेगळा प्रीॲम्प घेण्याची सोय वरील कळीमुळे आहेच. ७८ च्या बहुतेक तबकड्या मात्र आरआयएए पूर्वीच्या असल्याने कोणत्याही साध्या प्रीॲम्पमधून त्यांचा वरचा भाग किंचित मंद लागतो.

त्यावरचा उपाय यूएसबीच्या जोडणीत आहे. यंत्र संगणकाला जोडून १६ बिट आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ इतक्या दर्जाचे ध्वनिमुद्रण करता येते, आणि ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये ७८ च्या काळातील समतोल साधता येतो. तिथेच डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनो करावा : जुन्या तबकडीवरील संगीत खाचेच्या आडव्या हालचालीत असते आणि उभ्या हालचालीत असते ती निव्वळ खरखर, त्यामुळे दोन्ही बाजू मिळवल्या की त्या खरखरीचा बराचसा भाग आपोआप वजा होतो. नव्या एलपीसाठी यूएसबी मला निरुपयोगी वाटते. पण ज्याच्याकडे कुठेही पुन्हा प्रसिद्ध न झालेल्या तबकड्या आहेत, त्याच्यासाठी या यंत्राची एवढी एक जोडणीसुद्धा खरेदीचे कारण ठरू शकते.

आता उणिवा. कंपनीने वेगातील डोलण्याचा, म्हणजे फिरताना होणाऱ्या सूक्ष्म चढउताराचा, जो आकडा दिला आहे, तो ०.२ टक्क्यांहून कमी असा आहे. १९७९ मध्ये आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके २ चा तोच आकडा ०.०२५ टक्के होता. रूप सारखे असले तरी मोटरच्या दर्जात केवढे अंतर आहे, ते या दोन आकड्यांवरून कळावे. भावगीत, नाट्यपद किंवा तबलावादन ऐकताना हे डोलणे माझ्या लक्षात येत नाही. परंतु सरोदवरचा लांब मींडेचा स्वर किंवा आलापीतील स्थिर षड्ज लक्ष देऊन ऐकला तर स्वराच्या कडा किंचित मऊ झाल्यासारख्या वाटतात. बासरी आणि सनई यांच्या चाहत्यांनी हे ध्यानात घ्यावे. टोनआर्मची उंची बदलण्याची सोय आधीच्या एलपी १२० मध्ये होती, ती या आवृत्तीत काढून टाकली आहे. त्यामुळे वेगळ्या उंचीचे कार्ट्रिज बसवायचे झाल्यास अडचण येते, मात्र व्हीएम ९५ मालिकेतच राहणाऱ्याला ती जाणवणार नाही. सोबत येणारी फेल्टची चकती कोरड्या हवेत रेकॉर्डला चिकटून वर येते आणि धूळ धरते. तिच्या जागी रबराची चकती टाकणे चांगले.

आणखी एक गोष्ट काहींना उणीव वाटेल. बाजू संपली की टोनआर्म स्वतःहून उचलला जात नाही. दुपारी रेकॉर्ड लावून डुलकी काढणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी हे यंत्र नाही. सुई लेबलजवळच्या खाचेत तासन्‌तास फिरत राहील आणि तिचे आयुष्य फुकट जाईल. अशा घरासाठी ऑडिओ-टेक्निकाचेच एलपी ६० एक्स अधिक योग्य आहे. ते पूर्ण स्वयंचलित आहे, एक बटण दाबले की सुई जागेवर उतरते आणि बाजू संपताच परत येते. पण त्याच्या टोनआर्मचा भार बदलता येत नाही, कार्ट्रिज बदलता येत नाही, सुई शंकूच्या टोकाची आहे आणि वेग ३३ व ४५ एवढेच आहेत. संग्रहात केवळ भावगीतांच्या आणि चित्रपटसंगीताच्या रेकॉर्ड असतील आणि खर्च निम्म्यावर आणायचा असेल तर ते खुशाल घ्यावे. ख्यालाच्या एलपींसाठी मी ते सुचवणार नाही, त्याचे कारण वर आलेच आहे.

इंग्लंडमध्ये बनणारे रेगा प्लॅनर १ हे या किमतीच्या वरच्या टोकाला, किंबहुना जरा पलीकडे पडते. त्याचा टोनआर्म एलपी १२० एक्सच्या टोनआर्मपेक्षा सरस आहे आणि आवाजात एक प्रकारचा जिवंतपणा आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. केवळ एलपींचा संग्रह असलेल्या रसिकाने ताण सोसून ते घेतले तर मी त्याला अडवणार नाही. मात्र त्यात प्रीॲम्प नाही, तो वेगळा घ्यावा लागतो; ४५ ची रेकॉर्ड लावायची तर तबक उचलून पट्टा हाताने दुसऱ्या कप्पीवर सरकवावा लागतो; सोबतची सुई शंकूच्या टोकाची आहे; आणि ७८ चा वेग नाही. मिश्र संग्रहाच्या धन्याची अडचण त्याने सुटत नाही.

सूटकेसच्या आकाराची, आतच स्पीकर असलेली रंगीबेरंगी यंत्रे तीन वेगांची असतात आणि स्वस्तही असतात. त्यांपासून दूर राहावे. त्यांत सहसा सिरॅमिक कार्ट्रिज असते, सुईचा भार पाच-सहा ग्रॅमचा असतो आणि तो बदलता येत नाही. शिवाय स्पीकर त्याच पेटीत असल्याने त्यांची कंपने सुईपर्यंत पोहोचतात. तबक इतके लहान असते की बारा इंची एलपी चारही बाजूंनी बाहेर लोंबते. आणि तीन वेग असूनही सुई एकच असल्याने ७८ च्या तबकडीला ती योग्य नसतेच.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मिळणाऱ्या जुन्या यंत्रांबद्दलचा मोह मी समजू शकतो. एचएमव्ही फिएस्टासारखे प्लेअर अनेकांच्या लहानपणाशी जोडलेले आहेत, आणि शोभेची वस्तू म्हणून ते जरूर घ्यावेत; चांगल्या रेकॉर्ड त्यांच्यावर वाजवू नयेत. परदेशातून आलेले जुने टर्नटेबल चांगल्या स्थितीत मिळाले तर ते या नव्या यंत्राला मागे टाकू शकते, पण मोटर कोणत्या प्रकारची आहे ते आधी तपासावे. जपानमधील यंत्रे १०० व्होल्टवर चालतात, त्यांना ट्रान्सफॉर्मर लागतो. अमेरिकेतील पट्ट्याच्या यंत्रांत पुष्कळदा अशी मोटर असते जिचा वेग विजेच्या ६० हर्ट्झ कंपनसंख्येवर बांधलेला असतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर तिची ३३ ची गती २८ च्या खाली येते आणि काळी चारमध्ये गायलेले पद पांढरी चारच्या आसपास उतरते. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलते, कंपनसंख्या बदलत नाही. त्यासाठी मोटरची कप्पी बदलावी लागते आणि ती मिळेलच असे नाही. एलपी १२० एक्स हे अडॅप्टरवर चालणारे असल्याने त्यात हा प्रश्न उद्भवत नाही.

यंत्र घरी आल्यावर ते कोठे ठेवता यावरही बरेच अवलंबून आहे. पोकळ पत्र्याच्या कपाटावर किंवा टीव्ही व स्पीकर ठेवलेल्या पातळ प्लायवूडच्या कपाटावर ते ठेवू नये. भिंतीत बसवलेली कडाप्प्याची फळी उत्तम. आपल्या बहुतेक घरांत ती असतेच. पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी समपातळी पाहावी आणि खालचे पाय फिरवून ती साधावी. मग टोनआर्म हवेत तरंगेल इतपत प्रतिवजन फिरवून शून्य धरावे, तिथून २ ग्रॅम भार द्यावा आणि अँटी-स्केटिंगही २ वर ठेवावे. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांना पावसाळ्यात रेकॉर्डवर बुरशी येण्याचा अनुभव असेल. विनाइलच्या एलपी अल्कोहोल मिसळलेल्या द्रावणाने पुसता येतात, पण लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा स्पर्शही होऊ देऊ नये, कारण लाख त्यात विरघळते. तिच्यासाठी साधे स्वच्छ पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ फडके पुरते, आणि लेबल भिजू देऊ नये.

उरलेल्या पैशांतील मोठा वाटा स्पीकरवर जावा. अंगभूत ॲम्प्लिफायर असलेली, एडिफायरसारख्या कंपन्यांची पुस्तकांच्या फळीवर मावणारी जोडी या यंत्राला शोभते. ब्लूटूथ स्पीकरच्या एकाच डब्यातून एलपी ऐकण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. त्यानंतर ७८ ची सुई, वजनकाटा आणि कार्बन तंतूंचा ब्रश, याच क्रमाने.

सोबत आलेल्या लंबवर्तुळी सुईचे आयुष्य कंपनी ३०० तासांचे सांगते, मायक्रोलिनिअर सुईचे १,००० तासांचे. दुसरीची किंमत पहिलीच्या कितीतरी पट असली तरी तासांच्या हिशेबाने फरक बराच कमी होतो, आणि आतल्या खाचांतील द्रुत ताना ती अधिक स्पष्ट वाजवते. ज्याच्या फळीवर प्रामुख्याने ख्यालाच्या आणि वादनाच्या एलपी आहेत, त्याने पहिली सुई झिजल्यावर थेट मायक्रोलिनिअर बसवावी. ज्याच्याकडे मुख्यतः भावगीते आणि ७८ च्या तबकड्या आहेत, त्याने पुन्हा लंबवर्तुळीच घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत प्रीॲम्प पाहावा.